आमची मतं, त्यांचा हिशेब : ‘मतविभाजना’च्या आरोपाचा इतिहास

४ जून २०२४ ला लोकसभेचा निकाल लागला. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले मतदारसंघात शिंदेंच्या शिवसेनेचे धैर्यशील माने यांना ५,२०,१९० मतं पडली आणि ठाकरेंच्या शिवसेनेचे सत्यजित पाटील सरूडकर यांना ५,०६,७६४. फरक अवघ्या १३,४२६ मतांचा. वंचित बहुजन आघाडीचे डी. सी. पाटील यांना ३२,६९६ मतं मिळाली होती. झालं! रात्र व्हायच्या आत गावोगावच्या कट्ट्यांवर आणि व्हॉट्सॲपवर निकालाचं कारण ठरून गेलं. ‘वंचितनं मतं खाल्ली.’ आमच्या वस्तीतल्या पोरांना दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर तेच ऐकावं लागलं : ‘तुमच्यामुळं आला तो.’

त्याच निकालपत्रात तिसऱ्या क्रमांकावर राजू शेट्टी होते. त्यांची मतं १,७९,८५०, म्हणजे वंचितच्या साडेपाचपट. त्यांच्याबद्दल कुणी बोललंच नाही असं नाही. पण भाषा वेगळी होती. शेट्टींनी ‘स्वतंत्र लढायचं ठरवलं’, त्यांचं ‘गणित चुकलं’. आमच्या वाट्याला मात्र ‘मतं खाल्ली’, ‘सुपारी घेतली’, ‘बी टीम’ हे शब्द आले. एकाच निवडणुकीत, एकाच कृतीला, दोन भाषा.

या लेखात आम्हाला वंचितची वकिली करायची नाही. आमच्याही चुका आहेत आणि त्या शेवटी मांडणार आहोत. पण आधी एक साधा प्रश्न विचारायचा आहे. एखाद्याचं मत ‘खाल्लं’ म्हणायला ते आधी त्याच्या ताटात असावं लागतं. आमची मतं त्यांच्या ताटात कुणी वाढून ठेवली होती?

आधी आकडे नीट वाचू

मतविभाजनाचं गणित मांडणारे एक सोपी युक्ती करतात. तिसऱ्या उमेदवाराची मतं घ्यायची, ती सगळीच्या सगळी दुसऱ्याच्या खात्यात टाकायची आणि पहिल्याला पाडून दाखवायचं. यात गृहीत काय धरलेलं असतं? तिसरा उभा नसता तर त्याचा एकही मतदार घरी बसला नसता आणि एकही मतदार पहिल्याकडे गेला नसता. प्रत्यक्षात कुठल्याही वस्तीत असं घडत नाही.

२०१९ चं हातकणंगले घ्या. माने तेव्हा युतीचे उमेदवार होते, त्यांना ५,८५,७७६ मतं मिळाली. काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीसोबत लढलेल्या राजू शेट्टींना ४,८९,७३७. फरक ९६,०३९. वंचितचे अस्लम सय्यद यांना १,२३,४१९. आता समजा, वंचितचा उमेदवार नसता तर त्या शंभर मतदारांतले साठ शेट्टींकडे गेले असते, वीस मान्यांकडे आणि वीस घरी बसले असते. शेट्टींचा निव्वळ फायदा शंभरात चाळीस, म्हणजे साधारण ४९ हजार मतं. तरीही शेट्टी ४६ हजारांहून अधिक मतांनी पडतातच. त्यांना निवडून यायला वंचितच्या शंभरातल्या ७८ मतांचा निव्वळ फायदा हवा होता.

सोलापूर तर त्याहून बोलकं आहे. २०१९ मध्ये तिथे भाजपचे जयसिद्धेश्वर स्वामी १,५८,६०८ मतांनी जिंकले, सुशीलकुमार शिंदे पडले आणि बाळासाहेब आंबेडकरांना १,७०,००७ मतं मिळाली. शिंदे यायचे तर आंबेडकरांच्या शंभर मतांतून ९३ मतांचा निव्वळ फायदा लागला असता. तरीही ‘वंचितमुळे पडलेल्या जागा’ म्हणून जी यादी फिरते तिच्यात सोलापूर असतंच.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगू. नांदेडमध्ये त्याच वर्षी अशोक चव्हाण ४०,१४८ मतांनी पडले आणि वंचितला १,६६,१९६ मतं होती. तिथे शंभरात पंचवीस मतांचा निव्वळ फायदा पुरला असता. तिथे समझोता झाला असता तर निकाल बदलला असता हे मान्य करायला आम्हाला लाज वाटत नाही. पण याच अशोक चव्हाणांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये भाजपमध्ये प्रवेश केला. ज्यांना निवडून न आणल्याबद्दल पाच वर्षं आमचा समाज ‘भाजपची बी टीम’ म्हणून शिव्या खात होता, ते स्वतःच ए टीममध्ये जाऊन बसले. त्याबद्दल आमच्या वस्तीत येऊन कुणी माफी मागितली नाही.

आणि २०२४ चं हातकणंगले? वर धरलेलाच ६०-२०-२० चा हिशेब लावला तर वंचितच्या मतांतून सरूडकरांचा निव्वळ फायदा होतो साधारण १३,०७८. म्हणजे तरीही ते साडेतीनशे मतांनी मागेच राहतात. ६० च्या जागी ६५ धरले तर जिंकतात. म्हणजे तिथे आमची मतं काठावर होती, हे खरं. पण शेट्टींच्या मतदारांतून शंभरी फक्त आठ मतांचा निव्वळ फायदा झाला असता तरी सरूडकर खासदार झाले असते. मग ‘मतं खाल्ली’ हा शब्द आधी कुणाच्या दारात जायला हवा होता?

१९५२ : उत्तर मुंबईत कुणी कुणाची मतं खाल्ली?

हा प्रकार २०१९ ला सुरू झालेला नाही. त्याची मुळं शोधायला बाबासाहेबांच्या स्वतःच्या निवडणुकांकडे जावं लागतं.

१९३२ च्या जातीय निवाड्यानं अस्पृश्यांना दोन मतं दिली होती. एक स्वतंत्र मतदारसंघात आपला प्रतिनिधी निवडायला, दुसरं सर्वसाधारण मतदारसंघात. गांधीजींच्या उपोषणानंतर २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारानं जागा वाढल्या, पण ते दुहेरी मत गेलं. आपला प्रतिनिधी अखेर सवर्ण मतदारांच्या मतांनी ठरणार, ही गोष्ट तिथे पक्की झाली. तिसऱ्या उमेदवाराची आजची सगळी कोंडी त्या कराराच्या पोटातून आलेली आहे.

तरीही १९३७ ला बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षानं मुंबई प्रांतात १७ उमेदवार उभे केले आणि त्यातले बहुतेक निवडून आले. स्वतः बाबासाहेबही आले. त्याचं एक कारण पक्षबांधणी होतं, दुसरं मतदानाचा नियम. त्या वेळी मुंबई प्रांतात एकाहून अधिक जागा असलेल्या मतदारसंघात मतदाराला आपली सगळी मतं एकाच उमेदवाराला देता येत होती. अल्पसंख्य समाजानं एकजूट दाखवली तर आपला माणूस आपल्या मतांवर येऊ शकत होता.

१९५२ ला नियम बदललेला होता. द्विसदस्य मतदारसंघात मतदाराला दोन मतं होती, पण ती दोन वेगळ्या उमेदवारांना द्यायची. दोन्ही एकाच्या पेटीत टाकली तर एक बाद. उत्तर मुंबईत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आणि समाजवादी पक्षाची युती होती. राखीव जागेवर बाबासाहेब, सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता. समोर काँग्रेसचे नारायण काजरोळकर आणि व्ही. बी. गांधी. तिसरे होते कम्युनिस्ट पक्षाचे कॉम्रेड डांगे.

निकाल असा लागला : गांधी १,४९,१३८, मेहता १,३९,७४१, काजरोळकर १,३८,१३७, बाबासाहेब १,२३,५७६, डांगे ९६,७५५. घटनाकार १४,५६१ मतांनी पडले. आणि तब्बल ७४,३३३ मतं बाद ठरली. बाबासाहेबांना मत पडू नये म्हणून दुसरं मत वाया घालवायला मतदारांना सांगितलं गेलं, असा बाबासाहेब आणि मेहतांचा आरोप होता. त्यांनी निवडणूक अर्जही केला, पण तो फेटाळला गेला.

आजवर या पराभवाची चर्चा बाद मतांवर आणि डांग्यांवर होत आली. आम्हाला वाचकांचं लक्ष दुसऱ्या एका वजाबाकीकडे वेधायचं आहे. युतीचे दोन उमेदवार, मेहता आणि बाबासाहेब. मेहतांना मिळालेल्या मतांपेक्षा बाबासाहेबांना १६,१६५ मतं कमी आहेत. पराभव आहे १४,५६१ चा. म्हणजे मेहतांना मत देणाऱ्या प्रत्येकानं आपलं दुसरं मत बाबासाहेबांना दिलं असतं, तर बाबासाहेब लोकसभेत गेले असते. डांग्यांचा हिशेब त्यानंतर. मित्रपक्षाच्या मतदाराचा हात आपल्या उमेदवाराच्या पेटीपर्यंत पोचलाच नाही, हे त्या निकालात लिहिलेलं आहे.

१९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत तेच पुन्हा घडलं. तीच युती, तेच दोन उमेदवार. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर बाबासाहेब काँग्रेसच्या बोरकरांकडून आठ हजारांहून थोड्या अधिक मतांनी पडले. एकाच युतीतला सवर्ण उमेदवार येतो आणि त्याच्या शेजारी उभा असलेला भारताचा पहिला कायदामंत्री पडतो! आमची मतं मित्राला गेली, मित्राची आम्हाला आली नाहीत. ‘मतांचं हस्तांतर’ हा शब्द आजचे विश्लेषक वापरतात. ते हस्तांतर एकाच दिशेनं होतं, हा धडा आमच्या समाजानं भंडाऱ्यात शिकलेला आहे.

१९५७ : कोल्हापूरनं दाखवलेली दुसरी वाट

इथे थांबलो तर इतिहास अर्धवट होईल. कारण तीनच वर्षांनी आमच्याच कोल्हापुरात याच्या नेमकं उलट घडलं.

१९५७ ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्र समितीनं लढवली. शेकाप, प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन एकत्र होते. डिसेंबर १९५६ मध्ये बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं होतं आणि समाज दुःखात होता. पण फेडरेशन समितीत मागच्या दारानं आलं नव्हतं. ते घटक पक्ष म्हणून आलं होतं. जागा ठरलेल्या होत्या आणि काँग्रेससमोर समितीचा एकच उमेदवार हे सूत्र होतं. कोल्हापूरचा लोकसभा मतदारसंघ तेव्हा द्विसदस्य होता. इथून शेकापचे भाऊसाहेब महागावकर आणि फेडरेशनचे शंकरराव खंडेराव दिघे दोघंही खासदार झाले. नाशिकमधून दादासाहेब गायकवाड आले, कोपरगावमधून बी. सी. कांबळे आले. शेजारच्या चिकोडीतून दत्ता कट्टी आले.

उत्तर मुंबईत आणि भंडाऱ्यात जे जमलं नाही ते कोल्हापुरात का जमलं? इथला मराठा शेतकरी एकाएकी जातमुक्त झाला होता असं आम्ही म्हणणार नाही. पण शाहू महाराजांची ही भूमी. १९२० साली माणगावच्या परिषदेत महाराजांनी जाहीरपणे अस्पृश्यांना सांगितलं होतं की तुमचा नेता तुम्हाला मिळाला आहे. ते माणगाव हातकणंगले तालुक्यातच आहे. त्या परंपरेचा काही अंश उरला होता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ध्येय एक होतं, करार उघड होता आणि शेकापच्या उमेदवाराला फेडरेशनच्या मतांची जितकी गरज होती तितकीच फेडरेशनला शेकापच्या मतांची होती. दोन्ही मतं एका मतपत्रिकेच्या जोडीतून यायची होती. देवाणघेवाण समोरासमोर होती.

३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. १९६० ला संयुक्त महाराष्ट्र मिळाला, समितीचं काम संपलं. १९६१ ला द्विसदस्य मतदारसंघ कायद्यानं रद्द झाले. १९६२ ला महाराष्ट्रातून रिपब्लिकन पक्षाचा एकही खासदार आला नाही. समाज तोच, मतं तीच, निळा झेंडा तोच. युती गेली, नियम बदलला आणि पक्षात फूटही पडली होती. ज्यांना वाटतं की मतांची संख्या म्हणजेच ताकद, त्यांनी १९५७ आणि १९६२ शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

उभं न राहताही निकाल फिरतो

पुढे दादासाहेब गायकवाडांनी यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसशी समझोता केला. त्यातून काही पदं मिळाली. गट वाढले आणि स्वतंत्र पक्षाचा कणा मात्र मोडत गेला. त्याची चीड दलित पँथरमधून बाहेर आली. जानेवारी १९७४ मध्ये मध्य मुंबईची लोकसभा पोटनिवडणूक होती. काँग्रेसच्या रामराव आदिकांना शिवसेनेचा आणि रिपब्लिकन गटांचा पाठिंबा होता. पँथरनं वरळीच्या सभेत बहिष्कार जाहीर केला. दंगल पेटली. १० जानेवारीच्या मोर्चावरील हल्ल्यात भागवत जाधव शहीद झाले. आदिक पडले आणि कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. त्या डांग्यांच्या कन्या. इतिहासही कसा गंमत करतो पाहा!

पँथरचा उमेदवारच नव्हता. म्हणजे आम्ही उभे राहिलो तर मतं खाल्ली, नाही राहिलो तर मतं कुजवली. तुम्ही आमच्याच उमेदवाराला मत द्या, एवढी एकच वाट आम्हाला मोकळी ठेवलेली असते.

इतर तिसऱ्यांचं काय?

आता तिसऱ्या उमेदवारांच्या बाकीच्या कहाण्या पाहू.

१९९९ ला शरद पवारांनी काँग्रेस सोडून राष्ट्रवादी काढली. लोकसभेला दोन्ही काँग्रेस समोरासमोर लढल्या. आदल्याच वर्षी, १९९८ ला, काँग्रेसला एकटीला ३३ जागा होत्या. १९९९ ला काँग्रेस १० आणि राष्ट्रवादी ६. शिवसेना-भाजप युती १० वरून २८ वर गेली. महाराष्ट्राच्या इतिहासात याहून मोठं मतविभाजन शोधून सापडणार नाही. राष्ट्रवादीला कुणी ‘व्होटकटवा’ म्हटलं? उलट विधानसभेच्या निकालानंतर दोघांनी मिळून सरकार बनवलं.

२००९ ला मनसे आली. उत्तर मुंबईत राम नाईक ५,७७९ मतांनी पडले, तिथे मनसेच्या उमेदवाराला १,४७,५०२ मतं होती. काँग्रेस आघाडीनं मुंबईतल्या सहाच्या सहा जागा जिंकल्या. तेव्हा या मंडळींना मतविभाजनाचं वाईट वाटलं नाही.

आणि आमचं कोल्हापूर? २००९ ला जिल्ह्यातले दोन्ही खासदार दोन्ही मोठ्या आघाड्यांच्या बाहेरचे होते. कोल्हापुरातून राष्ट्रवादीशी फारकत घेतलेले सदाशिवराव मंडलिक अपक्ष म्हणून ४४,८०० मतांनी आले. नव्यानंच झालेल्या हातकणंगलेतून राजू शेट्टींनी राष्ट्रवादीच्या निवेदिता माने यांना हरवलं. शेजारच्या सांगलीत २०२४ ला विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि एक लाखावर मतांनी जिंकले. तिसरा उमेदवार जिंकला की त्याला ‘जनतेचा उठाव’ म्हणतात. साखर कारखाना, दूध संघ, बँक किंवा मोठ्या शेतकरी जातीचं पाठबळ पाठीशी असलेल्याला तिसरा होण्याचा हक्क जन्मजात असतो. ज्याच्या पाठीशी फक्त वस्ती आहे, त्याला तो हक्क मागून घ्यावा लागतो. जातीचा प्रश्न नेमका इथे आहे.

उलट आमचा समाज सन्मानानं सोबत घेतला तर काय होतं, ते १९९८ नं दाखवलं आहे. १९९६ ला महाराष्ट्रात काँग्रेसच्या १५ जागा होत्या. १९९८ ला रिपब्लिकन गट एकत्र आले आणि काँग्रेसशी युती झाली. काँग्रेसच्या ३३ झाल्या. बाळासाहेब आंबेडकर अकोल्यातून, रा. सू. गवई अमरावतीतून, जोगेंद्र कवाडे चिमूरमधून आणि रामदास आठवले उत्तर-मध्य मुंबईतून खासदार झाले. चारही जागा राखीव नव्हत्या, खुल्या होत्या. काँग्रेसच्या जागा दुप्पट होण्याला इतरही कारणं असतील. पण खुल्या जागेवर सवर्ण मतदार आंबेडकरी उमेदवाराला मत देऊ शकतो, पक्षानं मनापासून ठरवलं तर, हे तेव्हा सिद्ध झालं. नंतर रिपब्लिकन ऐक्य आम्ही स्वतःच मोडलं, तेही लिहून ठेवतो.

अमेरिकेतही हीच रड, पण त्यांनी उपाय शोधला

ही कोंडी आपल्याकडेच आहे असं नाही. सर्वाधिक मतं मिळवणारा जिंकतो हा नियम जिथे आहे तिथे ती आहे. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मॉरिस दुवर्जेचा सिद्धांत आठवेल : असा नियम समाजाला दोन मोठ्या पक्षांकडे ढकलत नेतो. अमेरिकेत २००० साली फ्लोरिडात बुश ५३७ मतांनी जिंकले आणि ग्रीन पक्षाच्या राल्फ नेडर यांना तिथे ९७ हजारांवर मतं होती. नेडरना आजही त्याबद्दल बोलणी खावी लागतात.

पण तिथल्या काही राज्यांनी तिसऱ्याला शिव्या देण्यापलीकडे जाऊन नियमाकडे पाहिलं. जॉर्जियात निम्म्याहून अधिक मतं मिळाल्याशिवाय कुणी सेनेटर होत नाही. २०२२ ला लिबर्टेरियन उमेदवारानं दोन टक्के मतं घेतली, कुणालाच बहुमत मिळालं नाही आणि महिन्याभरानं पहिल्या दोघांत पुन्हा मतदान झालं. मेन राज्यात २०१० ला तिरंगी लढतीत ३८ टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन गव्हर्नर निवडून आला. २०१६ ला तिथल्या मतदारांनी पसंतीक्रमाची पद्धत मंजूर केली आणि सेनेटच्या निवडणुकीला ती लागू झाली. मतदार पहिली पसंती, दुसरी पसंती असे आकडे घालतो. पहिली पसंती मागे पडली तर त्याचं मत दुसऱ्या पसंतीला जातं. मत वाया जात नाही आणि कुणी ‘खात’ही नाही.

ही पद्धत परकी वाटायचं कारण नाही. राष्ट्रपतींची आणि राज्यसभेची निवडणूक पसंतीक्रमानंच होते. आपल्या पुणे पदवीधर मतदारसंघात कोल्हापूरचे पदवीधर मतपत्रिकेवर १, २, ३ लिहूनच विधान परिषदेचा आमदार निवडतात. पदवीधराला जी सोय आहे ती ऊसतोड मजुराला का नाही? त्याला आकडे कळत नाहीत, असं कुणी म्हणत असेल तर त्यानं तसं जाहीर सभेत सांगावं.

आता आमच्या चुका

दुसऱ्याला आरसा दाखवताना आपला चेहरा लपवणं हे बाबासाहेबांच्या अनुयायांना शोभत नाही.

एक. २०१९ ला वंचितला महाराष्ट्रात सुमारे ७ टक्के मतं मिळाली. बौद्ध, मुस्लिम, धनगर, माळी आणि अनेक लहान जाती एका मंचावर आल्या होत्या. ही मोठी गोष्ट होती. पण सांगलीत तीन लाखांवर मतं घेतलेले आमचे उमेदवार गोपीचंद पडळकर त्याच वर्षी भाजपमध्ये गेले. एमआयएमसोबतची युती विधानसभेआधी तुटली. विधानसभेत एकही जागा आली नाही. २०२४ ला लोकसभेची मतं तीन टक्क्यांच्या खाली आली. अकोल्यात खुद्द बाळासाहेब तिसऱ्या क्रमांकावर राहिले. उमेदवार उसने आणायचे आणि बूथ बांधायचा नाही, याचा हा परिणाम आहे.

दोन. जागावाटपाची बोलणी आम्हीही शेवटच्या आठवड्यापर्यंत ताणतो. समोरच्यानं अपमान केला हे खरं असलं, तरी त्याचा निषेध म्हणून उमेदवार उभा करणं हे धोरण होऊ शकत नाही.

तीन. जिथे सोबत गेलो तिथे काय झालं, ते सांगायला आम्ही कमी पडतो. २०२४ ला कोल्हापुरात वंचितनं उमेदवार दिला नाही, शाहू छत्रपतींना जाहीर पाठिंबा दिला. ते १,५४,९६४ मतांनी निवडून आले. एकाच जिल्ह्यात, एकाच दिवशी, एका मतदारसंघात आमच्या मतांना ‘पाठिंबा’ म्हटलं गेलं आणि शेजारच्या मतदारसंघात ‘मतं खाल्ली’. पाठिंब्याचे आभार कुणी वस्तीत येऊन मानले नाहीत आणि आम्हीही जाऊन विचारलं नाही.

मग करायचं काय?

संविधान बदललं जाईल की काय, ही भीती २०२४ ला आमच्या वस्त्यांमध्ये खरी होती. तिच्यामुळेच असंख्य आंबेडकरी मतदारांनी आपल्या पक्षाला बाजूला ठेवून महाविकास आघाडीला मत दिलं. आम्ही त्यांना चूक म्हणणार नाही. आमच्या घरातही त्या आठवड्यात यावरून वाद झाले. एका बाजूला संविधान आणि दुसऱ्या बाजूला संविधानकाराचा पक्ष, अशी निवड आमच्या आयाबहिणींपुढे ठेवणारी ही व्यवस्थाच मुळात चूक आहे.

म्हणून आमचं म्हणणं तीन गोष्टींत मांडतो. पहिली, समझोता करायचा तर १९५७ सारखा : निवडणुकीच्या आधी, लेखी, जाहीर, घटक पक्ष म्हणून. १९९८ सारख्या खुल्या जागांसह. मित्रपक्षाच्या कार्यकर्त्यांनी आमच्या उमेदवाराची पत्रकं वाटली की नाही, याचा हिशेब बूथनिहाय मागायचा. दुसरी, समझोता झाला नाही तर निवडक जागा लढवायच्या, जिथे पाच वर्षं काम आहे तिथेच. ४८ ठिकाणी अनामत रक्कम घालवण्यापेक्षा चार ठिकाणी दुसऱ्या क्रमांकावर येणं मोलाचं आहे. तिसरी, लोकसभा-विधानसभेला पसंतीक्रमाचं मतदान आणि प्रमाणशीर प्रतिनिधित्व ही मागणी आंबेडकरी चळवळीनं आपल्या जाहीरनाम्यात पहिल्या पानावर घ्यायची. पुणे करारात गेलेल्या दुसऱ्या मताची भरपाई मागायची असेल तर ती आज याच रूपात मागता येईल.

आणि तोवर कुणी चहाच्या गाड्यावर ‘तुमच्यामुळं आला तो’ म्हणालं, तर आमच्या पोरांनी मान खाली घालू नये. शांतपणे एवढंच विचारावं : दादा, १९५२ ला अशोक मेहतांना मत दिलेल्या १६ हजार लोकांनी दुसरं मत कुणाला दिलं होतं, ते आधी सांगा. मग आमच्या मताचं बोलू.

जयभीम!